एनएफएलमध्ये खेळाडूला काढलं की सॅलरी कॅपचं काय होतं? नवख्यांसाठी पायरी-पायरीने

मार्च 2024. डेन्व्हरला येऊन मला दीडएक वर्ष झालं होतं, अमेरिकन फुटबॉलचे नियम जेमतेम कळू लागले होते, आणि इथल्या संघाने, ब्रॉन्कोजनी, क्वार्टरबॅक (चेंडू फेकून डाव चालवणारा खेळाडू) रसेल विल्सनला काढायचं ठरवलं. ऑफिसात कॉफी घेताना मी म्हणालो, "चला, सुटले पैसे. आता दुसरा घ्या." शेजारचा सहकारी माझ्याकडे बघून हसला आणि म्हणाला, "साडेआठ कोटी डॉलर अजून आमच्या डोक्यावर आहेत." काढलेल्या माणसाचे साडेआठ कोटी? मला वाटलं, चेष्टा करतोय.

माझं डोकं आयपीएलवर घडलेलं. तिथे लिलावाआधी खेळाडू सोडला की त्याची किंमत पर्समध्ये परत येते, हिशेब संपला. एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या लीगमध्ये पर्सच्या जागी सॅलरी कॅप असते: एका वर्षात संघाने खेळाडूंवर मांडायच्या खर्चाची मर्यादा. आयपीएलचीच सवय घेऊन तिच्याकडे बघाल तर प्रत्येक बातमी उलटी लागेल. मी तीन महिने उलटीच लावत होतो. ते तुमचे वाचावेत म्हणून हे लिहितोय.

सुरू करण्याआधी हाताशी काय हवं

- ज्या खेळाडूबद्दल वाचताय त्याचा वर्षवार करार. 'ओव्हर द कॅप' आणि 'स्पॉट्रॅक' या दोन संकेतस्थळांवर तो फुकट दिसतो.
- त्यातले पाच रकाने: बेस सॅलरी (मूळ पगार), प्रोरेटेड बोनस (बोनसचा त्या वर्षाचा हप्ता), गॅरंटीड सॅलरी (काढलं तरी द्यावी लागणारी), कॅप नंबर (खेळाडूचा त्या वर्षी कॅपवर पडणारा एकूण आकडा), डेड मनी (हा पुढे समजेल). बाकीचे सध्या झाकून ठेवा.
- त्या वर्षाची कॅप. 2024 ला ती 25.54 कोटी डॉलर होती, 2025 ला 27.92 कोटी. 1994 मध्ये सुरू झाली तेव्हा 3.46 कोटी होती.
- एक वही. एक्सेलही चालेल, पण पहिले दोन करार हाताने मांडा.

आकडे तिकडे मिलियनमध्ये असतात. 10 ने भागलं की कोटी. पहिल्या आठवड्यात मी एका खेळाडूचा बोनस दहापट वाचून घरी फोनवर भावाला सांगितला होता. तो अजून चिडवतो.

1. आधी दोन वह्या वेगळ्या करा

प्रत्येक संघाच्या दोन वह्या असतात असं समजा. एक रोकडवही: खेळाडूच्या हातात खरा पैसा कधी पडला. दुसरी कॅपची वही: लीगच्या नियमाने तो पैसा कुठल्या वर्षाच्या नावावर मांडायचा. दोन्ही वह्यांची शेवटची बेरीज एकच, फक्त तारखा वेगळ्या.

साइनिंग बोनस सहीनंतर खेळाडूला रोख मिळतो, पण कॅपच्या वहीत तो कराराच्या वर्षांवर सारखा वाटला जातो, जास्तीत जास्त पाच वर्षांवर. अकरावीला बुककीपिंग घेतलेल्यांनी घसारा आठवावा. यंत्र आज रोख घेतलं, खर्च मात्र दरवर्षी समान हप्त्याने दाखवला. आता ते यंत्र मधेच भंगारात काढलं, तर वहीत उरलेली किंमत एकदम खर्ची टाकावी लागते. डेड मनी म्हणजे नेमकं हेच. माझी बहीण सीए आहे. तिला हे समजावून सांगायला मला अर्धा तास लागेल असं वाटलं होतं, तिला अर्धं मिनिट लागलं.

म्हणून 'काढल्यावरही संघ त्याला पैसे देतोय' हे वाक्य बहुतेक वेळा चुकीचं असतं. पैसे कधीच देऊन झालेत, वहीत मांडायचे राहिलेत.

2. बंडूचा करार मांडा

खऱ्या करारांत फार फाटे असतात, म्हणून एक कल्पित खेळाडू घेऊ. नाव बंडू. पाच वर्षांचा करार, साइनिंग बोनस 2.5 कोटी डॉलर. म्हणजे दरवर्षी कॅपवर 50 लाख. बेस सॅलरी अशी:

- पहिलं वर्ष 20 लाख, कॅप नंबर 70 लाख
- दुसरं वर्ष 80 लाख, कॅप नंबर 1.3 कोटी
- तिसरं वर्ष 1.2 कोटी, कॅप नंबर 1.7 कोटी
- चौथं वर्ष 1.4 कोटी, कॅप नंबर 1.9 कोटी
- पाचवं वर्ष 1.5 कोटी, कॅप नंबर 2 कोटी

पहिल्या दोन वर्षांची सॅलरी गॅरंटीड, पुढची नाही. एनएफएलमधला 'पाच वर्षांचा करार' बऱ्याचदा असाच असतो: खात्रीची दोन वर्षं, आणि पुढची तीन संघाच्या मर्जीवर. बातमीतला मोठा आकडा बघून हुरळून जाऊ नका.

3. काढलं तर उरतं काय, ते काढा

सूत्र साधं आहे. डेड मनी म्हणजे बोनसचे न मांडलेले सगळे हप्ते, अधिक देणं बाकी असलेली गॅरंटीड सॅलरी. कॅप नंबरातून तो वजा केला की बचत.

बंडूला दोन वर्षांनी, तिसऱ्या वर्षाच्या मार्चमध्ये काढला. उरलेले हप्ते तीन, म्हणजे 1.5 कोटी एकदम याच वर्षी अंगावर. त्याचा कॅप नंबर होता 1.7 कोटी. बचत फक्त 20 लाख. खेळाडू गेला, आणि हाती एखाद्या राखीव खेळाडूपुरते पैसे आले.

एक वर्ष थांबून चौथ्या वर्षाआधी काढला तर डेड मनी 1 कोटी, बचत 90 लाख. आणि घाई करून दुसऱ्याच वर्षाआधी काढला तर चार हप्त्यांचे 2 कोटी अधिक गॅरंटीड 80 लाख, एकूण 2.8 कोटी. ठेवला असता तर 1.3 कोटी लागले असते. म्हणजे काढल्यामुळे दीड कोटीचा खड्डा वाढला. 'इतका वाईट खेळतोय तरी ठेवलाय कशाला?' या प्रश्नाचं उत्तर बहुतेकदा या वजाबाकीत असतं.

4. एक जूनची गंमत समजून घ्या (इथे सगळे पडतात)

1 जूननंतर काढलेल्या खेळाडूचा हिशेब वेगळा. चालू वर्षाचा बोनसचा हप्ता या वर्षी, बाकीचे सगळे पुढच्या वर्षी. बंडूला तिसऱ्या वर्षी जूननंतर काढला तर या वर्षी 50 लाख, पुढच्या वर्षी 1 कोटी. या वर्षाची बचत 20 लाखांवरून थेट 1.2 कोटी. एकूण डेड मनी तोच, दीड कोटी. एक पैसाही माफ झालेला नाही, फक्त उधारी पुढे ढकलली.

मग मार्चमध्ये काढतात आणि बातमीत 'पोस्ट जून फर्स्ट' म्हणतात, ते काय? संघाला दर वर्षी दोन खेळाडू असे काढता येतात, की काढले मार्चमध्ये पण धरायचे जूननंतरचे. खेळाडू लगेच मोकळा होतो, दुसऱ्या संघाकडे जाऊ शकतो. पण जुन्या संघाच्या वहीत त्याचा पूर्ण जुना कॅप नंबर 1 जूनपर्यंत तसाच बसून राहतो. बचत हाती येते 2 जूनला.

हे मी स्वतःच्या पैशाने शिकलो. म्हणजे पैसे खोटेच होते. ऑफिसातल्या आठ जणांची एक लीग आहे, खेळाडू कागदावरचे पण कॅपचे नियम अस्सल. मी मार्चमध्ये एका रनिंग बॅकला (चेंडू घेऊन पळणारा) हा जूनचा शिक्का मारून काढला, सुटलेले पैसे मनात मोजले आणि त्याच संध्याकाळी एका महागड्या रिसीव्हरवर (फेकलेला चेंडू पकडणारा) बोली लावली. लीग चालवणाऱ्याने बोली फेटाळली. खाली एकच ओळ: "तुझे पैसे जूनमध्ये येतील." रिसीव्हर दुसऱ्याने नेला, आणि त्याने मला त्या वर्षी दोनदा हरवलं.

मार्च म्हणजे मोकळ्या खेळाडूंचा बाजार भरतो तो महिना. जूनमध्ये सुटलेल्या पैशांतून नवोदितांचे करार भागतात, हंगामात कुणी जखमी झालं तर बदली माणूस येतो. बाजारातला चांगला माल तोवर उठलेला असतो. त्यामुळे मार्चच्या मथळ्यात 'इतके कोटी वाचवले' दिसलं की पहिला प्रश्न विचारा: कधी हाती येणार?

5. गॅरंटी कोणती आणि कधी पक्की होते, ते बघा

गॅरंटीचे ढोबळ दोन प्रकार. पूर्ण गॅरंटी: खेळ खालावला, कॅप भरली, दुखापत झाली, कारण काहीही असो, पैसे द्यावेच लागतात. दुसरी फक्त दुखापतीपुरती: धडधाकट असताना काढलं तर संघ सुटला, जायबंदी असताना काढलं तर अडकला. दुखापतीपुरती गॅरंटी ठरलेल्या तारखेला पूर्ण होते, आणि त्या तारखेभोवतीच सगळी पळापळ चालते.

क्वार्टरबॅक डेरेक कारचं उदाहरण घ्या. रेडर्सनी त्याला 14 फेब्रुवारी 2023 ला काढलं, कारण दुसऱ्याच दिवशी त्याचे सुमारे 4.04 कोटी डॉलर पक्के होणार होते. त्याच्या करारात बोनसचा बोजा कमी होता, म्हणून डेड मनी जेमतेम 56 लाख. काढण्याच्या दृष्टीने इतका सुटसुटीत करार क्वार्टरबॅकच्या बाबतीत क्वचित दिसतो.

विल्सन याच्या अगदी उलट. 2024 चे 3.9 कोटी आधीच पक्के होते, आणि 17 मार्चनंतर ठेवला असता तर 2025 चे आणखी 3.7 कोटी पक्के झाले असते. म्हणून ब्रॉन्कोजनी कडू घोट घेतला. एकूण डेड मनी सुमारे 8.5 कोटी, जूनच्या शिक्क्याने दोन वर्षांत वाटलेला: 2024 वर 5.3 कोटी, 2025 वर 3.2 कोटी. म्हणजे 2024 च्या कॅपचा पाचवा हिस्सा अशा माणसावर, जो पिट्सबर्गच्या जर्सीत खेळत होता.

त्यात आणखी एक मेख. करारात 'ऑफसेट' असेल तर नवीन संघ देईल तेवढी रक्कम जुन्या संघाच्या देण्यातून वजा होते. विल्सनचे 3.9 कोटी पक्के होतेच, मग पिट्सबर्ग स्टीलर्सनी जास्त कशाला द्यावे? त्यांनी त्याला अनुभवी खेळाडूच्या किमान पगारावर, 12.1 लाखांत घेतला. बाकीचे सुमारे 3.78 कोटी डेन्व्हरने भरले. इथे मात्र रोकडही खरीच गेली. माझा तो सहकारी यावर अजून बोलत नाही.

आणि तरी, त्याच वर्षी ब्रॉन्कोज 10 विजय, 7 पराभव करून प्लेऑफला गेले. नवोदित क्वार्टरबॅक बो निक्स स्वस्तात होता, त्यावर बरंचसं निभावलं. डेड मनी म्हणजे हंगाम बुडाला असं समजू नका. माझ्या मते तो बुडतो स्वस्त आणि चांगला बदली खेळाडू नसला तर.

6. 51 चा नियम विसरू नका

मार्चपासून हंगाम सुरू होईपर्यंत संघाकडे 90 पर्यंत खेळाडू असतात, पण कॅपमध्ये पूर्ण मोजले जातात सर्वांत महाग 51 च. एकाला काढलं की 52 वा वर सरकतो आणि त्याचा आकडा मोजणीत येतो.

बंडूला मार्चमध्ये काढून 20 लाख वाचले होते ना? वर सरकलेल्याचा आकडा 8.4 लाख धरा (2025 मध्ये अगदी नवख्याचा किमान पगार तेवढाच होता). खरी बचत उरली 11.6 लाख. मोठ्या करारात हा फरक किरकोळ वाटतो, पण एकाच आठवड्यात चार-पाच जणांना काढलं की जाणवतो. हंगाम सुरू झाला की ही सवलत संपते. मग सगळे मोजले जातात, सराव पथकातले आणि जखमींच्या यादीतलेही.

7. तारखा वहीच्या पहिल्या पानावर लिहा

- मार्चचा मध्य: लीगचं नवं वर्ष, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या दुपारी 4 ला. पुण्या-मुंबईत तेव्हा रात्रीचा दीड वाजलेला असतो. त्या क्षणी प्रत्येक संघ कॅपच्या आत असावाच लागतो, म्हणून आदल्या दोन-तीन दिवसांत काढण्याचा धडाका दिसतो.
- त्यानंतरचे तीन ते पाच दिवस: रोस्टर बोनस (ठरल्या दिवशी संघात असल्याबद्दल मिळणारा) आणि गॅरंटीच्या तारखा बहुतेक इथे ठेवलेल्या असतात. खेळाडूचा एजंट मुद्दाम ठेवून घेतो. काढायचाच असेल तर लवकर काढा, बाजारात पैसे असताना माझ्या माणसाला मोकळं करा, हा त्यामागचा हिशेब.
- 1 जून: वर सांगितलंच.
- ऑगस्टअखेर: 53 जणांपर्यंत छाटणी.
- पहिल्या आठवड्याचा सामना: चार किंवा अधिक हंगाम जमा असलेला खेळाडू तेव्हा यादीत असेल आणि नंतर काढला, तर तो उरलेल्या वर्षाच्या बेस सॅलरीवर हक्क सांगू शकतो. कारकिर्दीत एकदाच. तोही आकडा कॅपवर येतो. म्हणून काही अनुभवी खेळाडूंना संघ मुद्दाम पहिल्या सामन्यानंतर घेतात.

8. 'रिस्ट्रक्चर' शब्द दिसला की सावध व्हा

कॅप कमी पडली की संघ खेळाडूच्या सॅलरीचा मोठा भाग बोनसमध्ये बदलतो. खेळाडू खूश, पैसे लगेच हातात. संघ खूश, या वर्षीचा आकडा घटला. बंडूच्या तिसऱ्या वर्षाच्या 1.2 कोटींपैकी 90 लाख बोनस केले. उरलेल्या तीन वर्षांवर ते 30-30 लाख वाटले गेले. त्या वर्षाचा कॅप नंबर 1.7 कोटींवरून 1.1 कोटीवर आला.

आता चौथ्या वर्षाआधी काढून बघा. जुने दोन हप्ते 1 कोटी, नवे दोन 60 लाख, डेड मनी 1.6 कोटी. चौथ्या वर्षाचा कॅप नंबरही नव्या हप्त्यामुळे 2.2 कोटी झालाय. आधी 90 लाख वाचत होते, आता 60. दर वर्षी हेच केलं तर एक वेळ अशी येते की बंडूला ठेवणं परवडत नाही आणि काढणं त्याहून परवडत नाही.

याचाच पुढचा अवतार 'व्हॉइड वर्षं'. करार दोन वर्षांचा, पण कागदावर पुढे तीन खोटी वर्षं जोडायची, बोनस वाटायला जागा हवी म्हणून. करार संपला की त्या खोट्या वर्षांचे हप्ते एकदम येऊन आदळतात. क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी 2023 च्या फेब्रुवारीत निवृत्त झाला, आणि त्या वर्षी टॅम्पा बे बुकेनियर्सच्या वहीत त्याच्या नावावर सुमारे 3.51 कोटी होते.

9. माणूस गेला कसा, ते तपासा

प्रत्येक जाणं म्हणजे काढणं नव्हे. ट्रेडमध्ये, म्हणजे करारासकट दुसऱ्या संघाला देण्यात, बोनसचे उरलेले हप्ते जुन्या संघाच्याच गळ्यात राहतात, पण पुढची सॅलरी, गॅरंटीसकट, नव्या संघाकडे जाते. क्वार्टरबॅक मॅट रायनला 2022 मध्ये इंडियानापोलिसला दिल्यावर अटलांटा फाल्कन्सवर 4.05 कोटींचा डेड मनी पडला तो असा. आणि ट्रेडला जूनचा शिक्का चालत नाही, खरोखर जूननंतरच करावा लागतो.

चारपेक्षा कमी हंगाम झालेला खेळाडू काढला की तो आधी 'वेव्हर्स'वर, म्हणजे इतर संघांना उचलता येईल अशा यादीवर, जातो. दुसऱ्या संघाने उचलला तर त्याचा चालू करार ते घेतात, जुन्या संघाकडे बोनसचे हप्ते उरतात. निवृत्तीचा हिशेब काढण्यासारखाच.

10. आता एक खरा करार स्वतः सोडवा

डॅलस काउबॉइजचा रनिंग बॅक इझिकिएल एलियट, मार्च 2023. कॅप नंबर 1.672 कोटी. त्यात बेस सॅलरी 1.09 कोटी, बोनसचा हप्ता 58.2 लाख. पुढच्या वर्षांचे उरलेले हप्ते मिळून 60.4 लाख. गॅरंटीड सॅलरी काही नाही. पुढे वाचण्याआधी वहीत दोन्ही प्रकारे मांडा.

साधं काढलं असतं तर डेड मनी 1.186 कोटी आणि बचत 48.6 लाख. डॅलसने जूनचा शिक्का वापरला: 2023 वर 58.2 लाख, बचत 1.09 कोटी, आणि 2024 वर 60.4 लाख. बचतीचा आकडा आणि बेस सॅलरी एकच आली, हे तुमच्या लक्षात आलं असेल. गॅरंटी नसली की जूनच्या शिक्क्यात नेहमी तसंच होतं, मान्य करून टाका आणि वेळ वाचवा.

एलियट 2023 चा हंगाम न्यू इंग्लंडकडून खेळला, आणि 2024 मध्ये डॅलसने त्याला एका वर्षाच्या नव्या करारावर परत घेतलं. त्या वर्षीची काउबॉइजची वही उघडलीत तर त्याचं नाव दोनदा सापडेल: एकदा खेळाडूंच्या यादीत, आणि एकदा खाली, डेड मनीच्या रकान्यात.